बांधावर न पोचलेली फिजिओथेरपी

फिजिओथेरपीचा आढावा घ्यायला बसलं की आमची मंडळी यंत्रांची यादी काढतात. मी माणसांपासून सुरुवात करतो. फातिमा इस्माईल यांच्या लेकीला पोलिओ झाला. त्या अनुभवातून या बाईंनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी दवाखानाच काढला. १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, तीही पोलिओच्या रेट्यानं. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून होतंच. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमधून पन्नास मीटर पोहण्यातलं सुवर्णपदक घेऊन परतले. त्या पिढीची मुख्य भिस्त व्यायामावर होती. हा माणूस उद्या काय काम करून जगणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाई.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. कॉलेजं वाढली, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली आली. पेशाच्या राज्य परिषदेचा कायदा २००२ चा, केंद्राचा २०२१ चा. नावाआधी ‘डॉक्टर’ लावावं की नाही, हा वाद अजून चालूच आहे. त्यात मला कधीच रस वाटला नाही.

रस वाटतो तो मुळशी तालुक्याच्या शेजारी, लोणावळ्याला घडलेल्या गोष्टीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली ही योगक्रिया करताना पोटात दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरण लावून मोजलं, क्ष-किरण चित्रं काढली. परंपरेवर श्रद्धा असलेला माणूस तिला मोजपट्टी लावायला भ्याला नाही. आमच्या संशोधनाचा खरा वारसा हा आहे, असं मी अनेक परिषदांत सांगत आलो. ‘तो योग, आपला विषय नव्हे,’ असं म्हणून मान फिरवणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

मान फिरवणारे हेच लोक यंत्रांसमोर मात्र नतमस्तक. लोक आमच्याकडे ‘शेक घ्यायला’, ‘करंट लावायला’ येतात, कारण आम्हीच त्यांना ती सवय लावली. जुनाट कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये मार्गदर्शन जाहीर केलं. त्यात नेहमीच्या उपचारात ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्सचा करंट, कमरेचा पट्टा हे सगळं नको म्हटलंय. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांना होकार आहे. तरी नव्या दवाखान्यात पहिली खरेदी यंत्राचीच होते.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, भाताची लावणी. मुळशीच्या आंबेमोहराचं कौतुक सगळे करतात. तो लावणाऱ्या बाईची पाठ कोण बघतं? आषाढात कोळवणच्या खोऱ्यात जा. चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओळीनं मागे मागे सरकत असतात. पाठीवर इरलं, आता बहुधा प्लास्टिकचा कागद. एका हातात रोपांची मूठ, दुसऱ्याची बोटं चिखलात. गुडघे जवळजवळ ताठ, वाकणं सगळं कमरेतून आणि खुब्यातून. माणूस पुरता वाकला की पाठीचे स्नायू काम सोडतात आणि भार अस्थिबंधांवर, मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. बराच वेळ तसंच राहिलं की अस्थिबंध ताणून सैलावतात, लगेच पूर्ववत होत नाहीत. नेमकी तेव्हाच बाई उठून रोपांची पाटी उचलते. उसण भरते ती तिथे. पौडच्या दवाखान्यात मी सांगत आलो की ओळ संपली की बांधावर उभं राहा, कमरेवर हात ठेवून मागे वाका, चार पावलं चाला, मग पाटी. आणि ती दोघींनी मिळून उचला. म्हाताऱ्या म्हणायच्या, ‘आम्ही तसंच करतो की.’ करत होत्याच. त्याचा गुण किती, हे मोजायचं काम आमचं होतं.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र बसवलं. गादीवाफ्यावर थेट टोकणणी. चिखलणी नाही, लावणी नाही. उत्पन्न, मजुरी, जमिनीचा कस हे हिशेब शेतीवाल्यांनी मांडले. वाकण्याचे किती तास वाचले, हा हिशेब आमच्या पेशानं मांडायला हवा होता.

आमचे पदव्युत्तर प्रबंध मात्र एकाच वाटेनं जातात. याच तालुक्यातल्या हिंजवडीच्या संगणकवाल्यांची मान, नाहीतर कॉलेजच्याच मुलांच्या मांडीमागचे आखडलेले स्नायू. हाताशी सापडतात म्हणून. त्या मानाही दुखतात, मान्य. पण शेतावर शिस्तीत अभ्यास होत नाही, ही सबब मी ऐकून घेणार नाही. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा कंबरदुखीचा गाजलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. झोपून राहिलेले आणि खास व्यायाम केलेले यांच्यापेक्षा, झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. कामकरी माणसांचा त्यांच्या कामासकट अभ्यास होतो तो असा.

असाच अभ्यास इथे करायचा तर एकाच खोऱ्यातल्या, काही लावणी करणाऱ्या आणि काही टोकणणी करणाऱ्या बायका घ्याव्यात. पाठीला छोटा सेन्सर लावून दिवसभराचं वाकणं नोंदावं, दुखण्याची नोंद लावणीआधी, लावणीत आणि कापणीला घ्यावी. दोन विद्यार्थिनी आणि पौडला राहायची सोय एवढ्यावर भागतं. मंजुरी मात्र ज्येष्ठ संपायच्या आत मिळायला हवी. श्रावणात मिळाली तर बरीचशी खाचरं लावून झालेली असतात.