नेता दिसत नसला तरी!

आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोल्यातून पुढे जाते. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखीही पंढरीकडे निघते. दिंडीत मागे चालणाऱ्याला पुढची पताका दिसतेच असे नाही. तो शेजारच्याचे पाऊल बघतो, टाळ ऐकतो आणि बरोबर चालतो.

ड्रोन किंवा यंत्रमानवांच्या ताफ्याला हेच कसे जमवायचे, याचे एक स्वतंत्र गणित आहे. ताफ्यातला प्रत्येक जण शेजाऱ्यापासूनचे अंतर आणि दोघांच्या वेगातला फरक मोजतो आणि तो कमी होईल अशी चाल धरतो. नेता मोजक्यांनाच दिसला तरी चालते. अट एवढीच की, त्याची खबर शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात शेवटच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

अली जदबाबाई, जी लिन आणि स्टीफन मोर्स यांनी 2003 मध्ये सिद्ध केले की, मधले दुवे तुटले-जुळले तरी हरकत नाही. ठरावीक काळात सगळे दुवे मिळून साखळी पूर्ण होत राहिली, तर ताफा अखेर नेत्याचीच दिशा धरतो. त्यांचा नेता मात्र एकाच दिशेने जाणारा होता. नेता वेग बदलत असेल आणि तो वेग थेट मोजता येत नसेल, तर? 2006 मध्ये यीगुआंग होंग आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक अनुयायाला शेजाऱ्यांच्या माहितीवरून त्या वेगाचा अंदाज बांधायची रीत दिली.

खरी अडचण प्रतिसादाला लागणाऱ्या उशिराची असते. प्रत्येक जण फक्त पुढच्याकडे बघून चालला, तर पुढचा छोटा धक्का मागे जाता जाता वाढू शकतो. महामार्गावर विनाकारण गाड्या तुंबतात त्या यामुळेच. म्हणून नेत्याची खबर सगळ्यांना एकदम पोहोचवणेही उपयोगी ठरते. दिंडीत ते काम टाळ-मृदंग करतात.

वऱ्हाडाला या गणिताची गरज आहे. 2017 मध्ये वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ड्रोनने फवारणी केली तर माणूस औषधापासून लांब राहतो. पण एकेका ड्रोनमागे एकेक चालक लागला, तर लहान शेतकऱ्याला ते परवडणार कसे? एका चालकाने एक ड्रोन चालवावा आणि बाकीच्यांनी शेजाऱ्याकडे बघत आपापले तास धरावेत, हे साधणे या विद्येचे खरे काम आहे. अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. कपाशीच्या शेतातला हा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा.