ना डोक्याला धरा, ना शेपटीला

सोसायटीच्या गणपतीत माईकचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण सभेला मी उशिरा पोचलो आणि बाकीची सगळी कामं तोवर वाटून झाली होती. खोक्यात दोन कॉर्डलेस माईक, एक चाकांचा ट्रॉली स्पीकर आणि कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेले सेल. पहिल्याच संध्याकाळी बक्षीस समारंभात अध्यक्षांनी बोलायला तोंड उघडलं आणि स्पीकरने अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या आजींनी कानांवर पदर ओढला. दुसऱ्या दिवशी तर आरती ऐन रंगात असताना शेजारच्या इमारतीतली हाऊजी आमच्या स्पीकरमधून ऐकू आली. ‘दोन-सात सत्तावीस!’

या दोन फजित्यांमुळे मी त्या खोक्याच्या नादी लागलो, तो आजतागायत.

माईक म्हणजे उलटा केलेला स्पीकर, हे कळलं तेव्हा मला पहिला धक्का बसला. स्पीकरमध्ये लोहचुंबकाजवळ तारेचं वेटोळं असतं. त्यात वीज गेली की ते हलतं, त्याला चिकटलेला कागदी पडदा हलतो आणि हवा हलते. हातातल्या साध्या माईकमध्येही चुंबक, वेटोळं आणि पडदा हेच तिघे बसलेले असतात, फक्त गंगा उलटी वाहते. आपल्या बोलण्याने पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि त्यात वीज उमटते. फॅरडेने 1831 साली दाखवून दिलेली गोष्ट ती हीच. जुन्या इंटरकॉममध्ये तर एकच स्पीकर ऐकायलाही असे आणि बोलायलाही. मात्र ही वीज असते किती, तर जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. माईकच्या पोटात जो दीड व्होल्टचा सेल असतो, त्याच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी.

ही एवढीशी वीज मग रेडिओलहरीवर स्वार होते. माईक 600 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा असेल तर ती लहर सेकंदाला 60 कोटी वेळा थरथरते आणि आपला आवाज त्या थरथरण्याचा वेग किंचित कमी-जास्त करतो. एफएम म्हणतात ते हेच. वेगाचं म्हणाल, तर आवाज हवेतून दोन हात, म्हणजे मीटरभर, पुढे सरकेपर्यंत रेडिओलहर सुमारे 870 किलोमीटर गेलेली असते. मुंबईहून सुटली तर नागपूर मागे टाकून. त्यामुळे स्पीकरला खेटून बसलेल्या माणसाला वक्त्याचं वाक्य आधी स्पीकरमधून ऐकू येतं आणि मग प्रत्यक्ष तोंडून, तेही ऐकू आलंच तर!

हाऊजीचं कोडंही एफएममुळेच सुटलं. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन माईक असले तर एफएम रिसीव्हर दोघांची खिचडी करत नाही; जो जोरकस असेल त्याला पकडतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. आरती आम्ही सगळे घशानेच म्हणत होतो, माईक बंद करून टेबलावर ठेवलेला, रिसीव्हर मात्र चालू. घर मोकळं दिसल्यावर शेजारचा माईक आत शिरला, त्यात त्याचा काय दोष! तेव्हापासून मी आपले माईक बंद ठेवून आधी रिसीव्हरचा सिग्नलचा दिवा बघतो. तो तरीही पेटलेला असेल तर त्या चॅनलवर कुणीतरी आहे, आपण दुसरा चॅनल घ्यायचा. स्वस्तातल्या सेटला चॅनल बदलायची सोयच नसते. मग शेजाऱ्यांशी वेळा ठरवून घेण्याला पर्याय नाही.

आता शिट्टी. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, कानाला कितीही टोचला तरी.

स्पीकरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. माईक आणि स्पीकर यांच्यात तीन मीटर अंतर असेल तर अशा सेकंदाला सुमारे 115 फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत आवाज फक्त दहा टक्क्यांनी वाढतो असं धरा. सावकारही लाजेल असं हे चक्रवाढ व्याज. अर्ध्या सेकंदात तो दोनशे पटींच्या पुढे जातो आणि पुरा सेकंद मिळाला तर हिशेब पन्नास हजार पटींच्याही वर. प्रत्यक्षात त्याआधीच अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपतो, आणि कुणीतरी धावत येऊन बटण फिरवतो. व्याजाऐवजी प्रत्येक फेरीत दहा टक्के घट असेल तर शिट्टी वाजत नाही, पण बोलणारा विहिरीतून बोलतोय असं वाटतं. शिट्टी उंबरठ्यावर येऊन थांबली आहे, याची ती खूण. (आपल्याकडे ‘एको’चं बटण आधीच पूर्ण फिरवलेलं असतं, त्यामुळे ही खूण कुणाच्या लक्षातच येत नाही. देवळाचा गाभारा हवा असेल तर देवळात जावं.)

गंमत म्हणजे शिट्टी वाजली की आपण सगळे एकच करतो, माईकचं डोकं तळहाताने झाकतो. त्याने शिट्टी आणखी वाढू शकते. हातातल्या बहुतेक माईकचं ऐकणं पिंपळाच्या पानासारखं असतं. पानाचं टोक बोलणाऱ्याकडे, तिथे सर्वांत चांगलं ऐकू येतं. देठाशी जिथे पानाला खाच असते, त्या मागच्या दिशेला तो जवळजवळ बहिरा. पडद्याच्या मागच्या बाजूला बारीक फटी ठेवलेल्या असतात. मागून येणारा आवाज पडद्याला पुढून आणि पाठून एकाच वेळी ढकलतो, त्यामुळे पडदा हलतच नाही. रॅप म्हणणाऱ्या पोरांसारखी जाळीभोवती मूठ आवळली की त्या फटी बुजतात आणि माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो. अर्थात स्पीकरचंही.

म्हणजे डोक्याला धरायचं नाही. शेपटीला धरावं, तर कॉर्डलेस माईकचा अँटेना बहुधा तिथेच असतो. 600 मेगाहर्ट्झची लहर अर्ध्या मीटरची, तिच्या पाव हिश्श्याचा, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरचा अँटेना तिला पुरतो. आपलं शरीर बरंचसं पाण्याचं आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. शेपूट मुठीत धरून, वर रिसीव्हरकडे पाठ करून उभं राहिलं की आवाज तुटलाच. भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना खोडतात, तिथेही आवाज गडप होतो. अशा वेळी ‘हॅलो, हॅलो’ करत माईकवर टिचक्या मारण्यापेक्षा एक पाऊल बाजूला सरकावं. वीतभर अंतरावर सिग्नल पुन्हा सापडतो.

हे एकदा कळलं की मांडणी आपोआप सुचते. स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून आणि डोक्यांच्या वर. वक्त्याच्या पाठीमागे कधीच नाही. आवाज कमी पडला तर बटणाला हात लावण्याआधी माईक जवळ आणायचा. वीस सेंटिमीटरवरून पाच सेंटिमीटरवर आला की तोंडाचा आवाज माईकला सुमारे चौपट मिळतो, स्पीकरचा आहे तेवढाच राहतो. हा फुकटचा नफा सोडून लोक व्हॉल्यूम का पिळतात, हे मला कळलेलं नाही. फुंकर मात्र मारू नये. फुंकरीने पडद्याला नुसता धक्का बसतो, आपला आवाज कसा ऐकू येईल ते कळत नाही.

चालू करताना माईक आधी आणि स्पीकरचा आवाज शेवटी वर आणायचा, बंद करताना याच्या उलट. मांडव रिकामा झाला की सतरंज्या गुंडाळण्याआधी माईकमधले सेल काढून ठेवा. वर्षभर आत राहिलेले सेल पाझरतात आणि पुढच्या चतुर्थीला झाकण उघडलं की पत्र्यांवर पांढरट-हिरवा थर दिसतो. आमचा एक माईक तसाच गेला.