बेहिके : दोन पानांच्या दुर्मिळतेची किंमत

सिगारच्या जगात नव्या मालाचे आगमन ही सहसा मोठी बातमी नसते. क्यूबातून दर वर्षी काही ना काही नवे येत असते, शौकीन ते ओढून पाहतात, आवडले तर पेटी घेतात, नाही तर विसरून जातात. फेब्रुवारी २०१०मध्ये हवाना येथील बाराव्या हाबानो महोत्सवात सादर झालेल्या 'कोहिबा बेहिके' या मालिकेचे मात्र तसे झाले नाही. बाजारात येण्यापूर्वीच तिच्याविषयी वाद सुरू झाला होता. आल्यावर तिची मुक्तकंठाने स्तुती झाली आणि तरीही वाद शमला नाही. सामान्य मराठी वाचकाच्या खिशाशी या वस्तूचा काडीचाही संबंध नाही. तथापि, 'दुर्मीळ' हा शब्द बाजारात कसा घडवला जातो आणि एक समाजवादी राज्य जगातील सर्वांत महागड्या चैनीच्या वस्तूंपैकी एक का विकते, हे समजून घ्यायचे तर बेहिकेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम कोहिबाविषयी. या नाममुद्रेचा आरंभ विक्रीसाठी झालाच नाही. फिडेल कॅस्ट्रो यांचा एक अंगरक्षक आपल्या ओळखीच्या कारागिराने वळलेले सिगार ओढत असे. त्यांचा सुवास कॅस्ट्रोंना आवडला, चौकशी झाली आणि १९६६पासून खास त्यांच्यासाठी व परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठी हे सिगार तयार होऊ लागले. हवानाच्या पश्चिमेकडील उपनगरात क्रांतिपूर्व श्रीमंतांचा एक प्रशस्त वाडा होता. तेथे 'एल लागितो' हा कारखाना थाटण्यात आला आणि सिगार वळण्याचे काम स्त्रियांना शिकवण्यात आले. त्याआधी क्यूबात ते मुख्यतः पुरुषांचे काम समजले जाई. राष्ट्रप्रमुख, राजदूत, मित्रदेशांचे नेते यांच्या हातीच कोहिबा पडत असे. पैसे मोजून तो मिळत नसे आणि त्याची खरी प्रतिष्ठा त्यातच होती. खुल्या बाजारात तो १९८२मध्ये आला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८५मध्ये, खुद्द कॅस्ट्रो यांनी धूम्रपान सोडले.

नाव तैनो लोकांच्या भाषेतले आहे. कोलंबस येण्यापूर्वीपासून क्यूबात राहणारे हे लोक तंबाखूची पाने गुंडाळून ओढत; त्या गुंडाळीला ते कोहिबा म्हणत, असे मानले जाते. स्पॅनिश सत्तेखाली या समाजाची जवळपास वाताहत झाली. गंमत अशी की, १९९२मध्ये कोलंबसाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली तेव्हा त्याच कोहिबाने पाच शतकांच्या स्मरणार्थ 'सिग्लो' म्हणजे 'शतक' ही पाच आकारांची मालिका काढली. २०१०च्या मालिकेला नाव देताना उत्पादक पुन्हा तैनोंकडे वळले. बेहिके म्हणजे तैनोंचा पुरोहित आणि वैद्य. ज्यांची भाषाही फारशी उरली नाही, त्यांचे शब्द सोनेरी पट्टीवर शोभून दिसतात, हे जरा खटकणारेच आहे.

बेहिके हे नाव त्याआधी एकदा वापरले गेले होते. कोहिबाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, २००६मध्ये, प्रत्येकी ४० सिगार असलेल्या केवळ १०० पेट्या काढण्यात आल्या. हे चारही हजार सिगार एल लागितोमधील नोर्मा फर्नांदेस या एकाच निष्णात कारागीर स्त्रीने वळले होते. एका पेटीची किंमत सुमारे १५ हजार युरो होती. तेव्हाही नाके मुरडली गेली, पण मर्यादित संख्येची ती स्मरणवस्तू होती. नित्याच्या विक्रीसाठी त्याच नावाची मालिका येणार असे कळताच शौकिनांच्या वर्तुळात दोन तट पडले. एका बाजूला उत्कंठा, तर दुसऱ्या बाजूला 'आता हे नाव आणखी किती दुहणार' असा सवाल.

नव्या मालिकेचा सारा डोलारा एका पानावर उभा होता. सिगारचे तीन भाग असतात: आतले भरण, ते बांधून ठेवणारे पान आणि बाहेरचे गुळगुळीत वेष्टण. भरणासाठीची पाने झाडाच्या निरनिराळ्या उंचीवरून घेतली जातात. खालची 'वोलादो' पाने चांगली जळतात, मधली 'सेको' सुगंध देतात आणि वरची, ऊन अधिक खाल्लेली 'लिहेरो' पाने जोर आणतात. लिहेरोच्याही वर, अगदी शेंड्याला, काही झाडांवर दोन लहान पाने येतात. त्यांना 'मेदियो तिएम्पो' म्हणतात. सगळ्या झाडांवर ती येत नाहीत. सर्वाधिक ऊन मिळत असल्याने ती जाड, तेलकट आणि तीव्र असतात, जळतात सावकाश आणि मुरायलाही अधिक काळ घेतात. कोहिबाच्या भरणातील काही पाने इतर नाममुद्रांप्रमाणे दोनदा न आंबवता तिसऱ्यांदा पिंपात घालून आंबवली जातात, हे तिचे जुने वैशिष्ट्य. त्यात या शेंड्याच्या पानांची भर घातली की जे तयार होते ते बेहिके, असे उत्पादकांचे सांगणे होते.

येथेच संशयाला जागा झाली. पान दुर्मीळ आहे हे मान्य. पण ते इतके दुर्मीळ असेल तर दर वर्षी, तीन आकारांत, जगभरच्या दुकानांना पुरेल एवढे कोठून येणार? आणि सिगारमध्ये ते नेमके किती घातले आहे, हे ग्राहकाने कसे ओळखायचे? वेष्टण डोळ्यांना दिसते, बांधणी बोटांना कळते, भरण मात्र दडलेले असते. सिगार उलगडून पाहावा तर तो ओढता येत नाही. साहजिकच, या मालिकेची किंमत ज्या गोष्टीवर ठरते ती गोष्ट ग्राहकाला केवळ विश्वासावर घ्यावी लागते. प्रस्तुत वार्ताहराच्या मते वादाचा गाभा हाच आहे. बाकीचे आक्षेप त्यापुढे दुय्यम ठरतात.

दुसरा आक्षेप जाडीचा होता. सिगारची जाडी 'रिंग गेज' या मापात सांगतात. एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. कोहिबाचा मूळचा 'लान्सेरो' १९२ मिलिमीटर लांब, पण जाडीला केवळ ३८, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर. बेहिकेचे तीन आकार मात्र ५२, ५४ आणि ५६ जाडीचे निघाले. त्यांची नावेही त्यावरूनच 'बीएचके ५२', 'बीएचके ५४' आणि 'बीएचके ५६' अशी पडली. लांबी अनुक्रमे ११९, १४४ आणि १६६ मिलिमीटर. सर्वांत जाड सिगार २२ मिलिमीटरच्या घरात जातो. क्यूबाच्या जुन्या रीतीला मानणाऱ्यांना ही परदेशी, विशेषतः अमेरिकी, आवडीपुढे पत्करलेली शरणागती वाटली. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. सडपातळ सिगारमध्ये वेष्टणाच्या पानाचा स्वाद वरचढ ठरतो. सिगार जाड झाला की भरणाचा वाटा वाढतो, धूर तुलनेने थंड येतो आणि मिश्रणातील बारकावे जाणवू लागतात. ज्या सिगारचे सारे भांडवल भरणात आहे तो जाड असणे ओघानेच आले.

प्रत्यक्ष परीक्षणे आली तेव्हा टीकाकारांची पंचाईत झाली. सिगार उत्तम होता. मऊ, दुधाळ धूर, कॉफी व कोकोची आठवण करून देणारी चव, पुढे चामडे आणि ओल्या मातीचा गंध, आणि एवढा जोर असूनही घशाला न लागणारा गोडवा, अशा शब्दांत जाणकारांनी त्याचे वर्णन केले. टोकाशी वेष्टणाला दिलेला वेणीसारखा पीळ, दहा-दहा सिगारच्या लकाकत्या पेट्या, पट्टीवरील होलोग्राम यांचेही कौतुक झाले. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'सिगार अफिसिओनादो' या नियतकालिकाने बीएचके ५२ला ९७ गुण देऊन २०१०चा सर्वोत्कृष्ट सिगार ठरवले. हे नियतकालिक पट्टी काढून, नाव न कळू देता सिगार तपासते, म्हणून या निर्णयाला वजन होते. यातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिला क्रमांक मिळाला तो तिघांतील सर्वांत लहान आणि सर्वांत कमी किमतीच्या सिगारला. आणि ज्या देशातील नियतकालिकाने हा मान दिला, त्या देशातील कोणत्याही दुकानात तो कायदेशीररीत्या विकत मिळत नव्हता.

अमेरिकेचा क्यूबावरील निर्बंध फेब्रुवारी १९६२चा. अध्यक्ष केनेडी यांनी त्यावर सही करण्यापूर्वी आपल्याला हजार क्यूबन सिगार जमवायला सांगितले होते, असा किस्सा त्यांचे प्रसिद्धिसचिव पियर सॅलिंजर यांनी नंतर सांगितला. ओबामांच्या काळात, २०१६मध्ये, प्रवाशांना स्वतःपुरते सिगार आणण्यावरची मर्यादा सैल झाली. सप्टेंबर २०२०मध्ये ट्रम्प प्रशासनाने ती सवलत काढून घेतली. त्यातच नावाचाही तंटा आहे. क्यूबाला अमेरिकेत विक्री करता येत नसताना 'जनरल सिगार' या अमेरिकी कंपनीने १९८१मध्ये तेथे 'कोहिबा' हे व्यापारचिन्ह आपल्या नावे नोंदवून घेतले. क्यूबाच्या सरकारी तंबाखू महामंडळाने १९९७मध्ये दावा लावला. २००५मध्ये अपील न्यायालयाचा कौल अमेरिकी कंपनीच्या बाजूने लागला, तर डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्याच व्यापारचिन्ह मंडळाने ती नोंदणी रद्द ठरवली आणि प्रकरण पुन्हा न्यायालयाच्या दारात गेले. बेहिके हे शौकिनाला केवळ एका सिगारचे नाव वाटते, पण त्यामागे शीतयुद्धाचे एवढे ओझे आहे.

मग क्यूबाने नेमकी हीच वेळ का निवडली? २००८च्या मंदीने चैनीच्या वस्तूंची मागणी आटली होती. इंग्लंडमध्ये जुलै २००७पासून, आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८पासून बंदिस्त सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई झाली. क्यूबन सिगारची मोठी बाजारपेठ असलेल्या स्पेनमध्ये जानेवारी २०११मध्ये नियम अधिक कडक झाले. ओढायला जागा कमी आणि ओढणारेही कमी, अशा स्थितीत संख्या वाढवण्यापेक्षा दर वाढवणे हा सरळ हिशेब होता. विक्री करणारी 'हाबानोस' ही कंपनी १९९४मध्ये स्थापन झाली. तिचा निम्मा वाटा क्यूबाच्या सरकारकडे राहिला आणि निम्मा परकीय भांडवलाकडे गेला: आधी 'अल्तादिस', ती विकत घेणारी ब्रिटनची 'इम्पीरियल' आणि २०२०पासून आशियाई गुंतवणूकदारांचा एक गट. डॉलर आणि युरो मिळवून देणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी सिगार ही एक असल्याने सरकारलाही या हिशेबात काही वावगे वाटले नाही. हाबानो महोत्सवाच्या अखेरच्या रात्री सजवलेल्या पेट्यांचा लिलाव होतो आणि ती रक्कम क्यूबाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला दिली जाते. तंबाखूच्या पैशावर रुग्णालये चालावीत, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. सिगारचा धूर फुफ्फुसात ओढला नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका तो वाढवतो. हेही परीक्षणांच्या रसाळ भाषेत हरवून जाते.

किमतीचा पुढचा टप्पा २०२२मध्ये आला. तोपर्यंत तोच कोहिबा स्पेनमध्ये बराच स्वस्त आणि हाँगकाँगमध्ये महाग मिळत असे. व्यापारी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात विकत. हाबानोसने कोहिबा आणि 'त्रिनिदाद' या दोन नाममुद्रांचे दर जगभर एकसारखे करण्याचे ठरवले आणि प्रमाण मानले ते हाँगकाँगचे. युरोपातील जुन्या ग्राहकांच्या दृष्टीने एका रात्रीत किमती दुपटीच्या किंवा त्याहून पुढे गेल्या. त्यांतील अनेकांनी कोहिबाला रामराम ठोकला. बनावट मालाच्या धंद्याला अर्थातच बरकत आली. होलोग्रामची पट्टी मुळात नक्कल रोखण्यासाठी होती, तिचीच नक्कल होऊ लागली.

या वाढीतील किती वाटा पान पिकवणाऱ्याकडे जातो? सर्वांत नावाजलेली तंबाखू पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता आबाहो भागात, सान लुईस आणि सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या परिसरात होते. शेतकऱ्याला आपले बहुतांश पीक ठरलेल्या दराने सरकारलाच द्यावे लागते. हाँगकाँगमधील दर वाढला म्हणून त्याचा दर त्याच पटीत वाढत नाही. सिगार वळणारी कारागीरही क्यूबन पेसोत वेतन घेते. सोलापूर किंवा सिन्नरला विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मजुरी हजारावर मोजली जाते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हाताच्या कौशल्याचे मोल आणि वस्तूची किंमत यांतील अंतर नव्याने सांगायला नको. फरक इतकाच की, विडी गरिबाच्या खिशातून विकली जाते.

दरवाढ झाली त्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०२२ रोजी, 'इयान' हे चक्रीवादळ पिनार देल रिओवर आदळले. तंबाखूची पाने टांगून सुकवण्याची लाकडी, ताडाच्या झावळ्यांची हजारो घरे जमीनदोस्त झाली. नव्या हंगामाची लागवड तोंडावर असताना शेतकऱ्यांना आधी छपरे उभी करावी लागली. मेदियो तिएम्पोची पाने खुडल्यापासून सिगारमध्ये जाईपर्यंत काही वर्षे मुरत ठेवावी लागतात. त्यामुळे बुडालेल्या हंगामाची उणीव दुकानात लगेच दिसत नाही. ती दिसू लागते तेव्हा वादळ लोकांच्या विस्मरणात गेलेले असते आणि विक्रेता पेटी दाखवत 'माल दुर्मीळ आहे' एवढेच सांगतो.