मोटारगाडीचे एंजिन सुरू न होणे : दोषनिदान

कार्ब्युरेटर व संपर्क खंडक (कारागिरांच्या भाषेत ‘पॉइंट’) असलेले जुन्या मोटारगाडीचे पेट्रोल एंजिन सुरू न झाल्यास त्याचे कारण क्रमाने शोधण्याची पद्धत. मुंबईत २०२३ पर्यंत टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी अँबॅसडर ही या वर्गातील परिचित उदाहरणे होत. पुरेसे वेगाने फिरणे, योग्य क्षणी पडणारी ठिणगी, ज्वलनशील मिश्रण व सिलिंडरातील संपीडन एवढ्याच गोष्टी अशा एंजिनाला लागतात. यांपैकी कोणती उणी आहे हे ठरण्यापूर्वीच सुटे भाग बदलणे ही खर्चिक, पण दुर्दैवाने रूढ रीत आहे.

किल्ली फिरविल्यावर एंजिन फिरतच नसेल किंवा जडपणे फिरत असेल, तर प्रथम विद्युत् घटमाला (बॅटरी) तपासतात. पूर्ण भारित १२ व्होल्ट घटमालेचा दाब विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट असतो. तो तसा असूनही आरंभकाला (‘सेल्फ’ला) जोर नसेल, तर दोष बहुधा जोडांत असतो. क्षार चढलेले अग्र किंवा एंजिन व सांगाडा यांना जोडणारी सैल तार दिव्यापुरता प्रवाह जाऊ देते. आरंभकाला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात व तेथे अल्प रोधही बाधक ठरतो. म्हणून दिवे लागतात एवढ्यावरून घटमाला व जोड निर्दोष मानणे चूक होय. आरंभक चालू असताना घटमालेचे धन अग्र व आरंभकाचे अग्र यांमधील दाबाचा फरक अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक आढळल्यास दोष त्याच मार्गात असतो.

एंजिन नीट फिरूनही पेटत नसेल, तर एखादी सुटी ठिणगी गुडदी (प्लग) तारेला जोडून व तिचे कवच एंजिनाला टेकवून ठिणगी पाहतात. या वेळी जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी निळसर व जोमदार हवी. ती क्षीण असल्यास पॉइंटांची फट (साधारणतः ०·४ मिमी.) व पृष्ठभाग तपासावे. धारित्र (कंडेन्सर) निकामी झाल्यास पॉइंटांवरच ठिणग्या उडतात. प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह झटकन तुटत नाही व पुरेसा उच्च दाब निर्माण होत नाही. कोकणातील पावसाळ्यात वितरकाच्या टोपणातील दमटपणा हेच कारण असू शकते; अशा वेळी कोरडे फडके पुरते.

ठिणगी ठीक असल्यास इंधनाकडे वळावे. गुडद्या कोरड्या असतील, तर पंप, गाळणी व कार्ब्युरेटरातील बारीक छिद्रे पाहावीत. त्या ओल्या असतील, तर मिश्रण अतिसमृद्ध झालेले असते व चोक उघडून, प्रवेगक पूर्ण दाबून एंजिन फिरविल्यास ते मोकळे होते. उन्हाळ्यात घाट चढून थांबलेल्या गाडीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खुंटतो. पंपावर ओले फडके ठेवण्याचा चालकांचा उपाय शास्त्रशुद्धच आहे. २०२३ पासून भारतात २० टक्के एथेनॉल असलेले पेट्रोल मिळू लागले. त्याने जुन्या बनावटीचे रबर फुगते किंवा चिरते, म्हणून पंपाचे पटल व नळ्या विशेष बारकाईने पाहाव्या लागतात.

एवढे करूनही एंजिन न पेटल्यास प्रत्येक सिलिंडराचे संपीडन दाबमापकाने मोजतात. एकाच सिलिंडराचा दाब कमी असेल व तेथे थोडे तेल घातल्यावर तो वाढला, तर दट्ट्याची कडी झिजलेली असते; न वाढल्यास झडप किंवा शीर्षाची गॅस्केट सदोष असण्याचा संभव अधिक असतो.