वरातीतली ‘कोंबडी’ नक्की कुणाची?

ईटला किंवा भूम तालुक्यातल्या कुठल्याही गावात वरात निघते, बँजोवाला ती उडती चाल धरतो आणि बाप-लेक एकाच ठेक्यावर नाचायला लागतात. पण बापाच्या डोक्यात ‘कोंबडी पळाली’ असते आणि पोराच्या डोक्यात ‘चिकनी चमेली’. बँजोला शब्द नसतात, म्हणून भांडण टळतं.

सनावळी बापाच्या बाजूनं आहे. ‘कोंबडी पळाली’ केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’तलं, २००६ सालचं, गायक आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. ‘चिकनी चमेली’चा ‘अग्निपथ’ आला जानेवारी २०१२ मध्ये. त्यात हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे, आवाज श्रेया घोषालचा. संगीतकार मात्र दोन्हीकडे अजय-अतुलच, त्यामुळे चोरीचा प्रश्नच येत नाही. आपल्याच चालीला त्यांनी हिंदी कपडे चढवले. पुढं ‘सैराट’च्या (२०१६) ‘झिंगाट’चंही तेच झालं, ते २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’तून कन्नडमध्ये आणि २०१८ मध्ये ‘धडक’मधून हिंदीत गेलं. दादा कोंडक्यांच्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’तलं (१९७८) ‘ढगाला लागली कळं’ २०१९ मध्ये ‘ड्रीम गर्ल’मध्ये वाजलं, तेव्हा अनेक पोरांची त्या गाण्याशी पहिली ओळख झाली.

पोरांना हसायचं कारण नाही. बापाची पिढीही अशीच फसली होती, आणि जास्त फसली होती. १९८०च्या दशकात एचएमव्हीकडं जुन्या गाण्यांचा खजिना होता, पण खेड्यापाड्यांतल्या गिऱ्हाइकाला तो परवडेल अशा भावात मिळत नव्हता. दिल्लीतल्या फळांच्या रसाच्या दुकानातून पुढं आलेल्या गुलशन कुमार यांनी ही फट हेरली. मूळ ध्वनिमुद्रण आधी झालेलं असलं की सूचना देऊन, स्वामित्वधन भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देत होता. त्यांच्या टी-सीरिजनं त्या मुभेवर मोठा धंदा उभा केला. लताबाईंची गाणी अनुराधा पौडवाल यांच्या आवाजात, किशोरकुमारची कुमार सानूच्या आणि रफींची सोनू निगमच्या आवाजात स्वस्त कॅसेटवर आली. एसटी स्टँडासमोरच्या टपरीवरून घेतलेली ती कॅसेट घरात हजारदा वाजली, तर कानाला तीच खरी वाटणार. मूळ गाणं नंतर रेडिओवर लागलं की तेच जरा हळू, जरा वेगळं वाटायचं. खुद्द लताबाईंनीही १९९२ च्या ‘श्रद्धांजली’त सैगल, रफी, मुकेश यांची गाणी गायली. फरक एवढाच, की ती दुसऱ्यांची आहेत हे अल्बमच्या नावातच होतं.

हा उघडपणा आपल्याकडं जुना आहे. ‘सौभद्र’ (१८८२) किंवा त्या काळातल्या कुठल्याही संगीत नाटकाची जुनी प्रत उघडा. पदाच्या डोक्यावर ते कुठल्या चालीवर बेतलंय ते छापलेलं सापडतं. ‘मानापमान’साठी (१९११) गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या, त्याचंही कुणाला वावडं नव्हतं. गावच्या भजनी मंडळाच्या वहीत अभंगावर सिनेमाच्या गाण्याचं नाव अजून लिहितात, पेटीवाल्याला कळावं म्हणून. माझ्या मते फोनवरच्या गाण्याच्या यादीपेक्षा ती वही जास्त प्रामाणिक आहे.

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं कव्हरचे, म्हणजे तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेण्याचे, नियम कडक केले. आता मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यापासून पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं स्वामित्वधन भरावं लागतं, वेष्टनावरून गायकाबद्दल दिशाभूल चालत नाही आणि चाल-शब्दांत गरजेपलीकडं बदल करता येत नाही. रिमिक्स या परवान्यात बसत नाही. त्याला हक्कदाराची परवानगी लागते. हक्क बहुधा कंपनीकडं असतात, म्हणून जुन्या गाण्याचा नवा अवतार बऱ्याचदा त्याच कंपनीच्या शिक्क्याखाली येतो. ‘दिल्ली-६’मधल्या (२००९) ‘मसकली’ची नवी आवृत्ती २०२० मध्ये निघाली, तेव्हा मूळ संगीतकार ए. आर. रहमान यांनी ट्विटरवर लोकांना मूळ गाणंच ऐकायला सांगितलं.