११ मिनिटं चालले, आणि तिघांना सांगितलं

मागच्या दिवाळीआधी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ५.९ आली. वय २६. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "डायबिटीस नाही, पण त्याच्या दारात उभ्या आहात." ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबिटीस, हे मला त्या दिवशी कळलं. घरी आले तर आईनं रिपोर्ट बघून काही न बोलता पोळ्या लाटायला घेतल्या. आमच्या घरात साखर हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. आजीची शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसमध्ये गेली आहेत.

तर व्यायाम सुरू करायचा ठरलं. पहिली चूक सगळे करतात तीच केली: तीन महिन्यांची जिमची फी एकदम भरली. सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मांड्या इतक्या दुखत होत्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. मग बंद.

दुसरी चूक जास्त लागली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'रोज दहा हजार पावलं' असं चॅलेंज सुरू झालं. रोज रात्री प्रत्येकानं आकडा टाकायचा. माझे ३,२०० बघून कोणीतरी हसणारा इमोजी टाकला. तेही चाललं असतं. पण एका सकाळी माझा पाठमोरा फोटो ग्रुपवर आला, खाली 'आपली टीम जोरात' असं लिहिलेलं आणि त्याखाली अकरा जणांच्या हसणाऱ्या स्मायल्या. काढणाऱ्या काकूंना गंमतच वाटली असणार. मी मात्र महिनाभर घराबाहेर चालायला पडले नाही.

आता त्या दहा हजारांची गोष्ट ऐका. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं ठरवलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव चाललं आणि आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला पावलांत नाहीच, मिनिटांत आहे. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि अजिबात न करण्यापेक्षा थोडा केलेलाही बरा, असं त्यात आहे. हे आधी वाचलं असतं तर ३,२०० पावलांची इतकी लाज वाटली नसती.

हत्तीच्या चित्राचं ॲप

एका शाळेतल्या मैत्रिणीनं मॅस्टोडॉनबद्दल सांगितलं. आधी मला वाटलं आणखी एक सोशल मीडिया, कशाला! पण हे प्रकरण जरा वेगळं निघालं. ते २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोखको नावाच्या तरुणानं सुरू केलं. त्याचा एकच मालक नाही आणि एकच कॉम्प्युटरही नाही. हजारो छोटे-मोठे सर्व्हर आहेत, कोणी हौसेनं चालवतं, कोणी संस्था चालवते, आणि ते सगळे एकमेकांशी बोलतात. ईमेलसारखं समजा. तुमचं खातं जीमेलवर, माझं याहूवर, तरी पत्र पोचतंच ना? या सर्व्हरांची बोलायची एक ठरलेली पद्धत आहे, ॲक्टिव्हिटीपब नावाची. २०१८ पासून ती वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची अधिकृत शिफारस आहे. त्यामुळे पिक्सेलफेडसारख्या फोटोंच्या ॲपवरची माणसंही मॅस्टोडॉनवरून दिसतात.

भारतात हे नाव अगदीच नवं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक रागानं इकडे आले होते. त्यातले कितीतरी परतही गेले. कारण इथे गर्दी नाही, ट्रेंडची धावपळ नाही. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचं लिखाण वेळेच्या क्रमानं दिसतं, बस. गाजायचं असेल तर ही जागा कंटाळवाणी आहे. मला तेव्हा कंटाळवाणीच जागा हवी होती.

मी खरं नाव न देता खातं उघडलं आणि पहिली पोस्ट लिहिली: 'आज ११ मिनिटं चालले. उद्या परत.' गल्लीच्या टोकाच्या डेअरीपर्यंत जाऊन यायला तेवढीच लागतात. संध्याकाळपर्यंत तीन उत्तरं आली. एक नागपूरचे निवृत्त शिक्षक, एक स्कॉटलंडमधली नर्स, एक बेंगळुरूचा मुलगा. नर्सनं लिहिलं होतं की तिची सुरुवात ७ मिनिटांची होती. कोणी 'दहा हजार करा' म्हणालं नाही. मी पोस्ट तीनदा वाचली, खोटं कशाला बोलू.

आणखी एक पद्धत मला इथली आवडली. वजनाचे आकडे, डाएट, जेवणाचे फोटो असं काही टाकायचं असेल तर बरेच जण ते झाकून टाकतात. वर फक्त 'वजनाबद्दल' अशी सूचना दिसते. ज्याला वाचायचंय तो उघडतो. ज्या मुलीला आपलं वजन या विषयावरून कायम टोमणे मिळालेत, तिला या छोट्याशा पडद्याची किंमत विचारा. मराठीत लिहिणारे मात्र कमीच भेटतात. चालण्याचे, धावण्याचे हॅशटॅग इंग्रजीत शोधले तर माणसं सापडतात.

सवय कशी लागली

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर एक अभ्यास केला होता. नवी सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. '२१ दिवसांत सवय' वगैरे विसरा. माणसामाणसात फरक इतका की अंदाज १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत गेला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम दिसला नाही. मी आधी एक दिवस बुडाला की 'गेलंच आता सगळं' म्हणून आठवडाभर बसून राहायचे.

माझं गणित साधं होतं. सकाळचा चहा झाला की बूट. बूट दाराशीच, मोजे आत खोचलेले. रविवारी आमच्या बडोद्यात फाफडा-जलेबीला नाही म्हणणं शक्य नाही, म्हणून त्या दुकानापर्यंत चालत जायचं ठरवलं (जलेबी अर्धीच, पण शपथ घेत नाही). दीड महिन्यानं कमाटीबागेची एक फेरी जमायला लागली. तिथून पुढे 'काउच टू ५के' सुरू केलं. जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणानं १९९६ मध्ये आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यासमोर ठेवून हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग ६० सेकंद हळू धावणं, ९० सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. ६० सेकंद किती मोठे असतात ते पहिल्या दिवशी कळतं. मी पहिला आठवडा तीनदा केला. चालतं. बीपी, हृदयाचा त्रास, छातीत दुखणं किंवा चक्कर असं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग बूट.

एक नकाशा

जानेवारीत मी उत्साहाच्या भरात धावण्याचा नकाशा पोस्ट केला. लाल रेघ, सुरुवात बरोबर आमच्या फाटकापाशी, वेळ सकाळी ६.१०. अर्ध्या तासात शिक्षकांचा खासगी निरोप: "बेटा, तो नकाशा काढून टाक. तू रोज त्याच वेळी एकटी निघतेस, हे आता कोणालाही कळतं." माझ्या हातापायातलं बळच गेलं. काढला लगेच. पण इथल्या पोस्टच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरांवरही जातात, त्यामुळे पुसलेलं सगळीकडून पुसलं जाईलच याची खात्री नसते.

नंतर वाचलं की असं सैनिकांच्या बाबतीतही घडलंय. स्ट्राव्हा ॲपनं सगळ्या युजरच्या मार्गांचा एक जागतिक नकाशा काढला होता. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटातले लष्करी तळ त्यात चमकतायत, कारण जवान तिथे धावत होते. आता मी ओपनट्रॅक्स वापरते. ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, नोंदी फोनमध्येच राहतात. पोस्ट दुपारी टाकते, नकाशा आणि रिपोर्टचा फोटो कधीच नाही. आणि हो, मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोपही कुलूपबंद नसतात. सर्व्हर चालवणाऱ्यानं ठरवलं तर तो ते वाचू शकतो.

सर्व्हर बंदही पडतात. माझा पडला. चालवणाऱ्या दोघांना खर्च आणि वेळ झेपेना, त्यांनी तीन महिने आधी सांगितलं. मी खातं दुसरीकडे हलवलं, फॉलो करणारे सगळे आपोआप बरोबर आले, पण जुन्या पोस्ट आल्या नाहीत. ती ११ मिनिटंवाली पहिली पोस्टही नाही. सेटिंगमधून आपल्या पोस्टची प्रत डाउनलोड करता येते, ते मला उशिरा कळलं. तुम्ही आजच करून ठेवा.

एप्रिलच्या रिपोर्टमध्ये ५.६ आलं. डॉक्टर म्हणाले, चालण्याबरोबर रात्रीचा भात कमी केलात त्याचंही श्रेय आहे, सहा महिन्यांनी परत बघू.

आई या सगळ्यांना 'तुझी ती हत्तीवाली मंडळी' म्हणते. खातं उघडायला तयार नाही. पण मागच्या गुरुवारी ती माझ्याबरोबर डेअरीपर्यंत आली, परत येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लिही त्यांना, आईची १४ मिनिटं." मी लिहिलं. पहिलं उत्तर शिक्षकांचंच आलं: "गुडघे सांभाळा म्हणावं. आणि उद्या परत."