भरल्या सरोवराकाठी पाण्याचा धडा

पाणी जपून वापरावे, हे आम्ही कोणत्या पुस्तकात शिकलो असे कोणी विचारल्यास आम्हांस उत्तर देता येणार नाही. ते पुस्तकात नव्हतेच. मुंबईच्या चाळीत पहाटे नळ आला की घर जागे होई. पिंप, हंडा, कळशी भरून होईपर्यंत दुसरे काम सुचत नसे. सुट्टीत अलिबाग-पेणकडे जावे, तर पावसाळ्यात तुडुंब भरणारी विहीर मे महिन्यात तळ दाखवीत असे. आंघोळीला एक बादली मिळे. दुसरी मागण्याची कोणाची छाती नव्हती. बहुतेक वाचकांच्या घरी अशीच आठवण असेल.

मिशिगन राज्यातील नोव्हाय ह्या गावी वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही आठवण नाही, आणि ती उसनी देता येत नाही, हे आम्ही एका चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी समाजातील मुलांना रविवारी एकत्र बसवून आम्ही मराठीचे चार शब्द शिकवीत होतो. विषय निघाला पाण्याचा. आम्ही कोकणातल्या आटलेल्या विहिरींचे वर्णन केले आणि अखेरीस म्हणालो, "म्हणून नळ उघडा ठेवू नये." त्यावर नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, "बाई, मी इथे नळ बंद केला, तर ते पाणी कोकणात कसे जाणार?"

आम्ही निरुत्तर झालो. प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, खरा होता. अध्यापनाचे शिक्षण घेताना पहिला पाठ मिळतो तो ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याचा. आम्ही निघालो होतो ते आमच्या ज्ञाताकडून, मुलांच्या नव्हे.

प्रत्येक देशाचे पाणी निराळे असते, हे खरे म्हणजे आपल्या लोकांस ठाऊक असावयास हवे. शमिनी अत्सेरेतच्या दिवशी आपले वाडवडील पावसासाठी प्रार्थना करीत, तेव्हा कोकणातला पावसाळा सरत आलेला असे. पाऊस संपताना पाऊस कसा मागायचा, असे आम्हीही लहानपणी विचारले होते. "ही प्रार्थना एरेत्स इस्राएलच्या पावसाची," असे उत्तर मिळाले, आणि आमचे समाधान झाले. कारण ते खरे होते. नोव्हायच्या मुलांनाही नोव्हायचे खरे उत्तर देणे आमचे कर्तव्य होते.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही बोलण्याऐवजी शंभर पेले पाणी मोजून घेतले. हे जगातील सगळे पाणी, असे मुलांस सांगितले. सत्त्याण्णव पेल्यांत मीठ घातले, तो समुद्र. दोन पेले बर्फ म्हणून बाजूला ठेवले. उरला एक, त्यातलेही बहुतेक जमिनीखालचे. सरोवरे आणि नद्या दाखविण्यासाठी बोटाने थोडेच थेंब काढले. मग सांगितले की, पृथ्वीच्या पाठीवरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा आपल्या शेजारच्या पाच महासरोवरांत आहे. मुलांचे चेहरे अभिमानाने फुलले. परंतु ह्या साठ्यापैकी पाऊस आणि ओढे-नद्या दरवर्षी जेमतेम एक टक्का पाणी नव्याने भरतात; बाकीचे फार जुने, हिमयुगातील बर्फ वितळून साठलेले. सरोवरांचे पाणी खोऱ्याबाहेर नेण्यास आळा घालणारा आठ राज्यांचा करार २००८ साली कायदा झाला, तो ह्याचसाठी.

तरीही प्रश्न उरतोच: इतके पाणी असताना नळ का बंद करावा? ह्याचे उत्तर मुलांस ऑक्टोबर २०१७ मध्ये आपोआप मिळाले होते. शेजारच्या फार्मिंग्टन हिल्समध्ये ४८ इंच व्यासाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि नोव्हायसह ओकलंड काउंटीतील अनेक गावांस पाणी उकळून पिण्याची सूचना झाली. सरोवर जागच्या जागी भरलेले होते. घरातला पेला मात्र रिकामा होता. तासाभराच्या वाटेवरील फ्लिंट शहरात २०१४ नंतर नळाच्या पाण्यात शिसे उतरले, तेव्हाही सरोवरे आटली नव्हती. मुलांनी ह्यातून ताडले की, येथे दुर्मिळ आहे ते पाणी नव्हे, तर घरापर्यंत आलेले शुद्ध पाणी. लेक ह्यूरन आणि डेट्रॉइट नदीतून ते उपसावे लागते, गाळावे लागते, मैलोगणती ढकलावे लागते. वापरून झाले की पुन्हा स्वच्छ करून सोडावे लागते. वाया गेलेल्या प्रत्येक लिटरबरोबर ही सारी मेहनत वाहून जाते.

ही मेहनत कळण्यास अंगमेहनतीसारखा उपाय नाही. येथील शॉवरमधून मिनिटास अडीच गॅलनपर्यंत पाणी पडते. दहा मिनिटांचे सुमारे ९५ लिटर, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने पाच बादल्या. आम्ही मुलांस बागेच्या नळापासून न्हाणीघरापर्यंत त्या पाच बादल्या वाहून आणावयास सांगितल्या. दोघादोघांनी धरूनही तिसऱ्या बादलीला हात भरून आले. शेवटी हे पाणी बागेतील झाडांना घातले. भारतात २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी दिवसाचे ५५ लिटर धरले आहेत, हे त्याच दिवशी सांगितले. आता कोकणची गोष्ट त्यांच्या कानांत नव्हे, दंडांत पोहोचली होती.

दुसरा प्रयोग घरी करावयाचा. शौचालयाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकावेत आणि पाणी न सोडता पंधरा मिनिटे थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर टाकी गळते आहे. मुलांना ही हेरगिरी अतिशय आवडते. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्याच घरी रंग उतरला. वडिलांनी आतला रबरी पडदा बदलला, आणि तो तिने स्वतः बसविल्याचे ती सर्वांना सांगत होती.

ह्यापुढची पायरी नदीची. मिडल रूज ही नदीची शाखा आपल्याच परिसरात उगम पावते. हीच रूज नदी खाली डेट्रॉइटजवळ तेलकट घाणीमुळे १९६९ साली पेटली होती. १९८७ पासून ह्या खोऱ्यातील शाळांची मुले नदीकाठी जाऊन पाणी तपासतात, दगडांखालच्या कीटकांच्या अळ्या मोजतात. काही जातींच्या अळ्या स्वच्छ पाण्यातच राहतात. आपल्या मुलांच्या शाळेत असा उपक्रम असेल, तर पालकांनी एक दिवस रजा काढून बरोबर जावे. अंगणातील हिरवळीवर टाकलेले खत पावसाने कोठे जाते, हे तेथे मुलाने बापास दाखवावे.

कारण शेवटी अडचण मुलांची नसून आपली आहे. चाळीत एका बादलीवर वाढलेले आपण, येथे आल्यावर भांडी घासताना नळ अखंड सोडतो. जणू त्या बादलीचा सूड उगवितो. मुले आपले ऐकत नाहीत, आपणांस पाहतात. त्यांना धाक घालू नये, तहानलेल्या बालकांची भीती दाखवू नये. मोजमाप त्यांच्या हाती द्यावे आणि त्यांनी आपली चूक दाखविली, तर मुकाट्याने नळ बंद करावा.

ह्या आठवड्यात वाचकांनी आपापल्या टाकीत रंगाचे चार थेंब टाकून पाहावेत, आणि कोणाच्या घरी रंग उतरला ते मुलांनीच मराठीत चार ओळी लिहून आम्हांस कळवावे.